घट्ट झालेल्या जमिनीची परीक्षा

जपानांतील कोबे शहरासमोर समुद्रांत भर घालून पोर्ट आयलंड नांवाचें एक बेट तयार करण्यांत आलें. १७ जानेवारी १९९५ रोजीं पहाटे तेथें भूकंपाचा भयंकर धक्का बसला आणि बेटाच्या पुष्कळ भागांत भरावाची माती पातळ होऊन रस्त्यांवर वाळू व गाळ उसळून आला. परंतु ज्या जागा बांधकामापूर्वीं हादरे देऊन घट्ट केल्या होत्या, तेथील जमीन पुष्कळच कमी खचली. जमीन सुधारतां येते, हें यावरून दिसतें. मात्र ती खरोखर सुधारली कीं नाहीं, हें पाया घालण्यापूर्वीं कसें ओळखावें?

मुंबई-ठाण्याच्या खाड्यांलगत राहणाऱ्यांना हा प्रश्न परका नाहीं. खाडीचा गाळ पाण्यानें भरलेला असतो. त्यावर भार पडला म्हणजे तें पाणी हळूहळू पिळून निघतें आणि जमीन वर्षानुवर्षें बसत राहते. या क्रियेचें गणित कार्ल टेरझागी यांनीं १९२५ मध्यें मांडलें. उपायही त्यांतूनच निघतो: वर मातीचा तात्पुरता भार रचावयाचा आणि पाण्याला लवकर वाट मिळावी म्हणून गाळांत उभे निचरे उतरवावयाचे. कोठें कोठें गाळांत खडीचे खांबही बसवितात.

आतां परीक्षेकडे वळूं. भोंक पाडून नमुना काढणें ही जुनी रीत. ती टाकाऊ नव्हे. परंतु तींत एका ठिकाणचीच माती हातीं येते, मऊ गाळ काढतांनाच ढवळला जातो आणि खडीच्या खांबांत तर हत्यार अडून बसतें. म्हणून जमिनीला न टोचतां तिचे कंप मोजण्याची पद्धत पुढें आली. पृष्ठभागावरून धावणाऱ्या या लाटांचें भाकीत लॉर्ड रॅले यांनीं १८८५ मध्येंच केलें होतें. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण मारतात आणि एका रेषेंत मांडलेलीं जिओफोन नांवाचीं लहान यंत्रें तो कंप टिपतात. आखूड लाटा वरच्या थरांतूनच जातात, लांब लाटा खोलवर पोंचतात. त्यांच्या निरनिराळ्या वेगांवरून कोणत्या खोलीवर जमीन किती ताठ आहे याचा हिशेब करतात. अनेक जिओफोन एकाच वेळीं वापरण्याची सुटसुटीत रीत कॅन्सासमधील संशोधकांनीं १९९९ मध्यें प्रसिद्ध केली.

येथें एक मौजेची गोष्ट आहे. दाबाची लाट पाण्यांतून सेकंदाला सुमारें १५०० मीटर वेगानें धावते, त्यामुळें ओल्या गाळांत ती माती मऊ कीं घट्ट हें सांगतच नाहीं. ती पाण्याचीच वार्ता आणते. आडव्या हेलकाव्याची लाट मात्र पाण्याला पेलतां येत नाहीं. ती मातीच्या कणांच्या सांगाड्यांतूनच जाते आणि आपल्याला हवा असतो तो त्या सांगाड्याचाच हालहवाल. शिवाय ताठपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गाळांतील वेग सेकंदाला १०० मीटरवरून १४० मीटरवर गेला, तर ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला असें समजावें. अर्थात् काम सुरू होण्यापूर्वीं त्याच रेषेवर मोजणी झालेली नसेल, तर ही तुलना कशाशीं करणार? घाईच्या कामांत नेमकी हीच पहिली मोजणी गाळली जाते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ती रेषेखालील जमिनीची सरासरी सांगते. खोलवर दडलेला मऊ मातीचा पातळ पदर तिला दिसत नाहीं. जमीन आणखी किती बसेल हेंही ती थेट सांगत नाहीं. त्यासाठीं गाळांतील पाण्याचा दाब आणि बसलेली उंची मोजावीच लागते.

वेळेचाही विचार करावा लागतो. नायजेरियांतील जेब्बा धरणाच्या कामावर सुरुंगांनीं वाळू घट्ट केल्यानंतर शंकू खुपसून पाहिलें, तों ती पूर्वीपेक्षां दुबळी भासली. पुढील आठवड्यांत तिचें बळ वाढत गेलें. ही हकीकत १९८४ मध्यें प्रसिद्ध झाली. म्हणून हादऱ्यांचें काम संपतांच घेतलेली मोजणी अखेरची धरीत नाहींत. कांहीं आठवड्यांनीं त्याच रेषेवर जिओफोन पुन्हा मांडतात.