घरची डीव्हीडी चालत नाही?

वीस वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर भरलेली लग्नाची डीव्हीडी आज प्लेअरमध्ये घातली, की पडद्यावर 'नो डिस्क' येते. आपण म्हणतो, गेली! पण थांबा. संगणकावर ती चालत असेल, तर ती गेलेली नाही.

विकतच्या डीव्हीडीवर माहिती कारखान्यात ठसवलेली असते. घरी मात्र लेसर रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू प्रकारात रंगद्रव्य नसते आणि तिच्यावरून प्रकाश फारच कमी परततो. जुने प्लेअर तिथे अडतात.

तेव्हा क्रमाने पाहा. आधी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नको. मग संगणकावर उघडा. आत 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर नसून नुसती एव्हीआय फाइल असेल, तर अनेक प्लेअरना ती वाचता येत नाही. डीव्हीडी रेकॉर्डरवर भरलेली असेल, तर शेवटी 'फायनलाइज' करायचे राहिले का, ते पाहा. ते शक्यतो त्याच यंत्रावर करावे.

नवी प्रत काढताना सर्वांत जास्त वेग निवडू नका आणि वर कागदी लेबल चिकटवू नका.

पण त्याआधी सारे हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि आणखी एका ठिकाणीही. ऊन आणि उष्णतेने रंगद्रव्य खराब होते. प्लेअर दुसरा मिळेल. त्या लग्नात उखाणा घेणाऱ्या आजीचा आवाज पुन्हा मिळणार नाही.