धुराडं नसलेलं जहाज

१९१२ साल आणि जहाज असं म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, टायटॅनिक. पण त्याच वर्षी, टायटॅनिकच्या आधी दीडेक महिना, २२ फेब्रुवारीला डेन्मार्कच्या कोपनहेगन बंदरातून आणखी एक जहाज पहिल्या सफरीवर निघालं होतं. त्याचं नाव सेलांडिया. ते बुडालं नाही, त्यामुळे त्याच्यावर सिनेमाही निघाला नाही. आज समुद्रावर फिरणारी बहुतेक मालवाहू जहाजं मात्र त्याच्याच वंशातली आहेत.

सेलांडियाचं वेगळेपण लांबूनच दिसे. त्याला धुराडं नव्हतं. इंजिनातला धूर मागच्या डोलकाठीतून वर सोडला होता. आत प्रत्येकी साडेबाराशे अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं होती. लंडनच्या गोदीत ते आलं तेव्हा ब्रिटिश आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल स्वतः ते पाहायला गेले होते.

ही नवलाई कळायची तर आधी आगबोटीच्या पोटात उतरलं पाहिजे. टायटॅनिकला २९ बॉयलर होते आणि त्यांच्या भट्ट्या दीडशेहून अधिक. दिवसाला सहाशे टनांच्या आसपास कोळसा लागे आणि तो सगळा फावड्यांनी, माणसांच्या हातांनी आत जाई. राख उपसायची ती याच हातांनी. तांबड्या समुद्रातून जाताना बॉयलरच्या खोलीत काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

ब्रिटिश जहाजांवर हे काम करणाऱ्यांत आपली माणसं हजारोंनी होती. डेकवर बहुधा रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या दिमतीला गोव्याचे आणि खाली भट्टीपाशी पंजाबचे, सिल्हेटचे. इंग्रज या सगळ्यांना मिळून लस्कर म्हणत. त्यांच्या कामाची नावं मात्र आपल्याच भाषांतली होती : आगवाला, कोळसेवाला, तेलवाला. मी कवी माणूस, शब्दांत अडकतो. या तिघांतला फक्त तेलवालाच पुढे टिकणार होता.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी ठरलं. इंधनातली सुमारे पाव शक्ती ते कामाला लावी. वाफेच्या इंजिनाला त्याच्या निम्मंही जमत नसे. मग जहाजावर ते लगेच का नाही आलं? अडचण साधी होती. जहाजाला मागेही जावं लागतं आणि हे इंजिन उलटं फिरत नसे. रशियात नोबेल बंधूंच्या कंपनीनं १९०३ मध्ये व्होल्गा नदीवर वांडाल नावाची तेलवाहू बोट सोडली, तेव्हा त्यावर वेगळीच युक्ती काढली. डिझेल इंजिनानं वीज तयार करायची आणि विजेच्या मोटरनं पंखा हवा तसा फिरवायचा. पुढे उलटं फिरणारी इंजिनं निघाली. १९१० मध्ये डच बांधणीचं व्हल्कॅनस हे तेलवाहू जहाज समुद्रावर आलं. ते लहान होतं, इंजिन पाचशे अश्वशक्तीच्या आतबाहेर.

सेलांडियानं धाडस केलं ते पल्ल्याचं. कोपनहेगनच्या बुर्माइस्टर आणि वाइन या कारखान्यात इव्हार क्नुडसेन या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ते तयार झालं. मालक ईस्ट एशियाटिक कंपनी, म्हणजे एच. एन. आंडेरसन. बँकॉकच्या सागवानावर मोठा झालेला हा माणूस. जहाज निघालंही बँकॉकलाच. दिवसाला तेल लागे दहा टनांच्या आसपास. वाटेत कोळसा भरायला थांबणं नाही, कोळशाची कोठारं नाहीत, त्यामुळे मालाला जागा जास्त. आणि भट्टीसमोर उभा राहणारा माणूसच नाही. हिशोबाच्या वहीत ही फक्त पगाराची बचत होती.

डिझेल यांना हे यश फार काळ पाहता आलं नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात सापडला. ती बोट वाफेवर चालणारी होती.

नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन या देशांनी डिझेल पटकन उचललं. त्यांच्याकडे फारसा कोळसा नव्हता. ब्रिटननं मात्र वेळ लावला. वेल्सच्या खाणी त्यांच्या, एडनपासून सिंगापूरपर्यंतचे कोळशाचे साठे त्यांचे आणि फावडं मारायला स्वस्तातली माणसंही होतीच. मला हे शेवटचं कारण लहान वाटत नाही. जिथे माणूस स्वस्त, तिथे यंत्राची घाई कुणाला?

सेलांडिया पुढे विकलं गेलं, नावं बदलत राहिलं आणि १९४२ च्या जानेवारीत जपानच्या किनाऱ्याजवळ संपलं. तोवर त्याला तीस वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यातही अटलांटिकवरच्या ब्रिटिश आगबोटींत आपले आगवाले कोळसा टाकत होते. टॉर्पेडो लागला की अनेकदा पाणी आधी शिरे ते त्यांच्याच खोलीत.