कचेरीतील रोडकी यंत्रे आणि अमानतीचा पैसा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या सभासदांच्या सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थापकांच्या कष्टांविषयी बोलावे, अथवा शिष्यवृत्ती घेऊन नावारूपास आलेल्या मुलामुलींविषयी बोलावे, हे रीतीस धरून झाले असते. पण चिटणीसांनी आम्हांस विषय नेमून दिला तो कचेरीतील संगणकांचा. त्याचे कारण उघड आहे. मागील वार्षिक सभेत दोघातिघा सभासदांनी विचारले होते की, नवे संगणक घ्यायचे सोडून टेबलावर या पुस्तकाएवढ्या डब्या कसल्या आणून ठेवल्या, आणि पैसे वाचले म्हणता तर ते गेले कोठे? प्रश्न रास्त आहे. आमच्या वडिलांच्या तोंडी अशा पैशाला एकच शब्द असे, अमानत. तिचा हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ पुरापासून करावा लागेल. २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीने पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि अर्धे शहर पाण्यात बसले, हे येथे कोणास सांगावयास नको. आपली कचेरी तळमजल्यावर. दहा संगणकांपैकी चारांचे डबे टेबलाखाली जमिनीवर असत. ते चारही बुडाले. यंत्रे गेली याचे दुःख फारसे नाही. पण त्यांपैकी एकात वैद्यकीय मदतीच्या त्या वर्षीच्या अर्जांची यादी आणि सोबतचे कागद होते, आणि ते दुसरीकडे कोठेही नव्हते. ज्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल होता त्यांच्या दारी जाऊन आपल्या कार्यकर्त्यांना पुन्हा विचारावे लागले की, आजार कोणता, उत्पन्न किती, दाखला आहे का. मदत मागणे एकदाच पुरेसे जड असते. त्या माणसांना ते दोनदा करावे लागले.

उरलेल्या सहांची कथा वेगळी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची मोफत देखभाल संपणार, हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केले होते. देखभाल संपली म्हणजे यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, पण चोरांना सापडलेली नवी फट मग कोणी बुजवीत नाही. विंडोज ११ घालावे तर तिला यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यामानाने अलीकडचा प्रोसेसर लागतो. सहांपैकी एकच यंत्र त्या कसोटीस उतरले. म्हणजे नऊ नवे संगणक घेणे आले. प्रत्येकी बेचाळीस हजारांचे दरपत्रक हाती आले. एकूण तीन लक्ष अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. तेव्हा कार्यकारिणीने तिघांची एक उपसमिती नेमली आणि गणित-विज्ञान शिकवतो या एवढ्याच अपराधावर आम्हांस तीत घातले.

आम्ही जी वाट सुचविली तिचे नाव थिन क्लायंट. क्लायंट म्हणजे अशील, तेव्हा 'रोडका अशील' असे भाषांतर आमच्या एका वकील सभासदांनी तत्काळ केले, आणि त्यांच्या धंद्यात तसला अशील बरा नसतो असेही सांगितले! आपल्या कामी मात्र तो बरा ठरतो. नेहमीच्या संगणकात विचार करणे, साठवून ठेवणे आणि दाखविणे ही तिन्ही कामे एकाच डब्यात होतात. थिन क्लायंट फक्त शेवटचे काम करतो. आपण कळ दाबली की ती वार्ता केबलमधून सर्व्हर नावाच्या एका मोठ्या यंत्राकडे जाते, पत्र तेथे लिहिले जाते, तेथेच साठते, आणि त्याचे चित्र तेवढे आपल्या पडद्यावर उमटते.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले जोडून त्याचा वेळ वाटून घेण्याची पद्धत अमेरिकेतील विद्यापीठांत रुळली. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रेल्वेचे संगणकीय आरक्षण सुरू झाले, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनापुढे दिसे तो पडदा म्हणजे असेच टर्मिनल. डोके दुसरीकडे होते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील लार्गो नावाच्या लहान शहराच्या नगरपालिकेने तर २००० सालाच्या आसपास सुमारे चारशे थिन क्लायंटांवर आपल्या शेकडो नोकरांचा कारभार चालवून दाखविला. आणि वडोदरेकरांस एवढ्या लांब तरी कशाला जावयास हवे? सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून येथे मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली. ग्रंथांचा मुख्य साठा एका जागी, त्यावर देखरेख करणारी जाणती माणसे एका जागी, आणि खेड्यांत जात त्या फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या. गावोगाव नवे ग्रंथालय बांधावयास निघाले असते तर बडोद्याची तिजोरीही पुरली नसती.

आता खर्च. सर्व्हर म्हणून आठ गाभ्यांचा प्रोसेसर आणि चौसष्ट जीबी मेमरी असलेले यंत्र घेतले, एक लक्ष दहा हजार. मेमरीवर आम्ही हट्ट धरला, कारण आजकाल पत्र लिहिण्यापेक्षा इंटरनेटची पाने उघडण्यातच ती अधिक खर्ची पडते. माणशी तीन-चार जीबी धरून नऊ जणांचा हिशेब करावा आणि वर बरीच शिल्लक ठेवावी. त्यात दोन डिस्क असून एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. बुडालेल्या चारांच्या जागी वापरलेले थिन क्लायंट प्रत्येकी साडेचार हजारांना मिळाले, म्हणजे अठरा हजार. नवा स्विच आणि केबल चौदा हजार, सर्व्हर व स्विच यांसाठी यूपीएस सोळा हजार, बॅकअपच्या दोन सुट्या डिस्क बारा हजार. बेरीज एक लक्ष सत्तर हजार.

उरलेली पाच जुनी यंत्रे आम्ही भंगारात दिली नाहीत. त्यांच्यातील डिस्क काढून घेतल्या आणि सुरू होताच ती नेटवर्कवरून सर्व्हरला हाक मारतील असे केले; झाले तेही थिन क्लायंट. ही विद्या फुकट उपलब्ध आहे. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट या नावाचे काम १९९९ पासून चालले आहे, आणि ज्या यंत्राला विंडोज ११ नाकारते ते या कामास उत्तम चालते. सर्व्हरवर लिनक्स असल्याने परवान्याचे पैसेही पडले नाहीत. हीच व्यवस्था मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर करता येते, पण तेथे सर्व्हरचा परवाना निराळा आणि त्यावर बसणाऱ्या प्रत्येक माणसामागे वा यंत्रामागे परवाना निराळा. स्वस्त डब्यांची जाहिरात वाचणारे हे दुसरे कलम वाचीत नाहीत, आणि पुष्कळांची बचत तेथेच बुडते.

विजेच्या बचतीचे ढोलही आम्ही पिटणार नाही. जुन्या संगणकाचा डबा साठ-सत्तर वॉट घेतो, थिन क्लायंट दहाच्या आसपास. चार यंत्रांचे प्रत्येकी पंचावन्न वॉट वाचले, रोजचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस. पाचशे अठ्ठावीस युनिट. त्यातून सर्व्हरचे शंभर वॉट, म्हणजे दोनशे चाळीस युनिट वजा करा. उरली दोनशे अठ्ठ्याऐंशी. नववीचा मुलगाही हे गणित करील. विक्रेता मात्र वजाबाकीपूर्वीच थांबतो.

आम्हांस सर्वांत मोठा लाभ वाटतो तो दरपत्रकात कोठेच नव्हता. आपली कचेरी तीन लिपींत चालते. सभासदांची पत्रे मराठीत, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाणारे कागद गुजरातीत, बँकेचे इंग्रजीत. दहा यंत्रांवर दहा जणांनी आपापल्या सोयीचे फाँट घातलेले. एकाचे मराठी पत्र दुसऱ्याच्या पडद्यावर उघडले की अक्षरांचा उकिरडा दिसे. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांवरच देवनागरीचे मुखवटे चढविलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्राला खालचे मूळ तोंड दिसे. आता सर्व लेखन युनिकोडमध्ये आणि फाँट एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. एकदा बसविला की नऊही जागी बसला. जुनी सात वर्षांची पत्रे बदलून घेण्यात दोन महिने गेले आणि जोडाक्षरांनी आमच्या डोळ्यांचे हाल केले. पण ज्या विद्यार्थिनीचे नाव मराठी यादीत एक, गुजराती यादीत दुसरे आणि चेकवर तिसरे पडल्याने तिची शिष्यवृत्ती अडकत असे, तिचे काम आता अडकत नाही. तिन्ही याद्या एकाच नोंदीतून निघतात.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. आपल्याकडे लोक आपले आजार, कर्ज, घरातील भांडणे कागदावर लिहून देतात, ते आपल्या विश्वासावर. पूर्वी कोणत्याही यंत्राला पेनड्राइव्ह लावून ते उचलता आले असते. आता टेबलावरचा डबा चोरून नेला तरी त्यात चोराला काही सापडणार नाही. शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्यास वैद्यकीय अर्ज उघडत नाहीत. एका विश्वस्तांनी विचारले, "सर, सर्व्हर सांभाळणाऱ्याला तर सगळेच दिसत असेल?" होय, दिसू शकते. म्हणून त्या अर्जांना वेगळे कुलूप घातले असून त्याची किल्ली वैद्यकीय समितीकडे आहे, आमच्याकडे नाही.

माणसांचेही सांगितले पाहिजे. कचेरीतील ज्येष्ठ कारकून काका पहिल्या दिवशी उभेच राहिले. "सर, माझा कॉम्प्युटर नेलात. आता मला केव्हा नेणार?" असे ते हसत म्हणाले, पण ते हसणे खरे नव्हते. एकवीस वर्षे त्या टेबलावर बसलेल्या माणसाला रिकामा डबा देणे म्हणजे काय, हे दरपत्रके तपासताना आमच्यापैकी कोणाच्या ध्यानी येण्यासारखे नव्हते. त्यांनी बोलून दाखविले म्हणून कळले. त्यांची जुनी पाने, जुनी यादी, पडद्यावरचे नातवाचे छायाचित्रसुद्धा जसेच्या तसे नव्या जागी आणून दिले. मग एके दिवशी गुडघेदुखीमुळे ते पंख्याजवळच्या दुसऱ्या खुर्चीवर बसले, आपला पासवर्ड घातला, आणि अर्धे लिहिलेले पत्र तेथे उघडले. त्यानंतर त्यांची तक्रार उरली ती फक्त चहाविषयी.

या व्यवस्थेला जे जमत नाही तेही सांगतो. व्हिडिओवरील सभा तीवर अडखळते, चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. टॅली विंडोजशिवाय सरळ चालत नाही, म्हणून सहावे यंत्र विंडोज ११ घालून हिशेबनीसांकडे तसेच ठेवले आहे. एक स्कॅनर काही केल्या बोलेना. तोही त्यांच्याच टेबलावर गेला. आणि सर्वांत गंभीर बाब ही की, डोके एक झाले म्हणजे डोकेदुखीही सर्वांची एक होते. २०२५ च्या जूनमध्ये, शिष्यवृत्ती अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात, स्विच बंद पडला. पूर्वी एक यंत्र बिघडले तर नऊ चालत. त्या दिवशी नऊही जण तीन तास हात बांधून बसले आणि बाहेर पालकांची रांग उभी. तेव्हापासून तीन हजारांचा एक जादा स्विच कपाटात ठेवला आहे.

यावरूनच पैशाच्या प्रश्नाचे उत्तर निघते. दरपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर दोन लक्ष आठ हजार. कार्यकारिणीत एक मत असे पडले की, ते सर्व पूरग्रस्त कुटुंबांतील मुलांच्या फीसाठी द्यावे. हे मत मांडणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे, आणि त्या क्षणी त्याला विरोध करणे आम्हांस कठीण गेले. तरी आम्ही विरोध केला. नऊ टेबलांवरची जोखीम उचलून आपण एका यंत्रावर ठेवली आहे; त्या यंत्राला जोडीदार नसेल तर वाचलेल्या पैशातील काही भाग वाचलेलाच नाही, तो पुढच्या बिघाडाकडून उसना आणला आहे. आणि बिघाड आला की पुन्हा त्याच आजारी माणसाच्या दारी कागद मागावयास जावे लागेल. अखेरीस एक लक्ष पंचवीस हजार फीसाठी गेले आणि त्र्याऐंशी हजार दुसऱ्या सर्व्हरसाठी बाजूला काढले. तो या वर्षी घ्यावा असा आमचा आग्रह आहे. ज्या मुलांना आणखी मदत मिळाली असती त्यांच्या पालकांपैकी काही येथे बसले असतील. त्यांनी याविषयी आम्हांस जरूर विचारावे.

सर्व्हर आता पहिल्या मजल्यावर, वाचनालयामागच्या खोलीत आहे. बॅकअपच्या दोन डिस्कांपैकी एक दर शनिवारी चिटणीसांच्या घरी जाते आणि दुसरी परत येते.

राहिले एकच काम. या यंत्राची पूर्ण माहिती आज दोघांनाच आहे. एक आम्ही, आणि दुसरा नोकरीसाठी पुण्यास जाण्याच्या बेतात असलेला एक तरुण सभासद. आपापल्या घरांतून चारजणांनी तरी हे शिकून घ्यावे. मुली आल्या तर अधिक आनंद. आमच्या वर्गाचा अनुभव असा की, केबलींचे नकाशे त्याच नीट काढतात. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पहिल्या मजल्यावर यावे, सोबत वही आणावी. त्या दिवशी शनिवारच्या डिस्कवरून एक पुसलेली फाइल परत कशी मिळवावयाची, तेवढेच करून पाहावयाचे आहे.