किनारा पाण्यावरून पाहावा
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे कोकणात आहेत. तथापि आपल्या गावचा किनारा समुद्रावरून पाहिलेली मंडळी या सभागृहात किती निघतील, याची आम्हांस शंकाच आहे. वडीलधाऱ्यांस आगबोट आठवत असेल. मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत ती दक्षिणेस जाई, आणि पुष्कळ बंदरांत उतारूंना हिंदकळणाऱ्या पडावात उतरावे लागे. ती बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, रस्तेही सुधारले, आणि आपण सर्वजण आपल्याच गावात परसदाराने शिरू लागलो. जुन्या बंदरगावांची ओसरी समुद्राकडे आहे. डोंगराकडून येणाऱ्यास ती दिसत नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघे, त्यांत दोन भगिनी, एका ज्ञातिबंधूंच्या बत्तीस फुटी शिडाच्या नौकेतून मुंबईहून मालवणपर्यंत गेलो. सोबत हर्णैकडील सत्तरीचे एक तांडेल आणि एक खलाशी होते. अंतर सुमारे १७५ सागरी मैल. मोटारीने एका दिवसात उरकणाऱ्या या प्रवासास आम्ही आठ दिवस घेतले, आणि ते थोडेच वाटले.

शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून पाठ केला. अलीकडच्या सूक्ष्म मोजणीत तो सुमारे ८७८ भरला. जमीन काही वाढलेली नाही. पूर्वी मोजपट्टीतून निसटलेली वळणे व खाड्यांची तोंडे या वेळी हिशेबात आली, इतकेच. नौकेतून जाणाऱ्यास हा हिशेब तत्काळ पटतो. त्याला किनारा सरळ रेषेसारखा दिसतच नाही. एक भूशिर, त्याआड एक खाडी, मग पुन्हा एक भूशिर, असाच तो उलगडत जातो.

वाऱ्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. हिवाळ्यात उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा वाहतो. मग घटकाभर सारे स्तब्ध होते, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. दक्षिणेस जाणाऱ्यास तो पाठीशी मिळतो. रात्री मात्र आम्ही कधीही चाललो नाही, कारण मासेमारीची जाळी व त्यांचे खुंट अंधारात दिसत नाहीत. कागदपत्रांची तयारीही हवी. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यातील अतिरेकी समुद्रमार्गेच आले होते. तेव्हापासून पहारा कडक आहे. आमची नौका दोनदा थांबवून ओळखपत्रे तपासली गेली. यात तक्रार करण्याजोगे आम्हांस काही वाटले नाही.

पहिला मुक्काम राजपुरीच्या खाडीत पडला. जंजिरा सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही. हर्णैस सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकून संध्याकाळी वाळूवरचा मासळीचा लिलाव पाहिला. जयगडला गणपतीपुळ्याचे दर्शन झाले आणि रत्नागिरीस पाणी व भाजी घेतली.

खरी परीक्षा खाडीत शिरताना होते. मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि त्यातून एकच अरुंद, खोल वाट असते. मुंबईस उधाणाचे पाणी चार ते पाच मीटर चढते-उतरते. गोव्याकडे जावे तसे हे मान सुमारे दोन मीटरांवर येते. आमच्या नौकेचा तळ पाच फूट पाण्यात उतरतो. म्हणून चढत्या भरतीतच शिरावे, असा तांडेलांचा दंडक होता. चढत्या पाण्यात नौका रुतली तर तेच पाणी तिला उचलते. ओहोटीत रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत कलंडून पडावे लागते.

उपग्रहावरून स्थान दाखविणारे यंत्र आमच्यापाशी होते. तांडेल त्याकडे पाहत, परंतु विश्वास ठेवीत तो किनाऱ्यावरील खुणांवर. "देऊळ वडाआड गेलं की वळवा," असे ते म्हणत, आणि तेथे वळल्यास पाणी खोल लागे. आम्ही या खुणा एका वहीत लिहून घेऊ लागलो, तेव्हा ते हसले. पावसाळ्यात नदीचा गाळ येतो, दांडा सरकतो. दरसाल पहिल्या फेरीत बांबूने तळ चाचपून वाट नव्याने ठरवावी लागते. त्यांचे दोन्ही मुलगे आता समुद्रावर जात नाहीत. ही वही मंडळाच्या वाचनालयात ठेवण्याचा आमचा मानस आहे, परंतु तिचा उपयोग किती वर्षे होईल हे वरील हकिकतीवरून आपणच ठरवावे.

विजयदुर्गास आम्ही दोन रात्री राहिलो. पाण्यावरून जाताना एकामागे एक चढत गेलेले तट दिसले, आणि हा दुर्ग कोणाच्या स्वागतासाठी बांधला होता हे न सांगता समजले. दुसऱ्या दिवशी लहान होडीने गिर्ये येथील खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी पाहावयास गेलो. तिच्या काठावर बसून आम्ही बराच वेळ बोललो नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी समुद्राकडून मारा केला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच बंदरात जळाले. जमिनीवरून त्यांना साथ होती ती पेशव्यांच्या फौजेची! घरचा तंटा परक्याच्या तोफांनी मिटविला गेला. तुळाजी निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. पण ती गलबते पुन्हा उभी राहिली नाहीत. आणि वरच्या बाजूला, जेथवर मालवाहू होड्या जात, त्या खारेपाटणच्या खाडीत आज गाळ साचला आहे.

किल्ल्यावर 'साहेबाचा ओटा' दाखवितात आणि हेलियमचा शोध तेथे लागला असे सांगतात. लॉक्यर तेथे आले ते १८९८ च्या ग्रहणास. त्या वायूची रेषा सूर्यप्रकाशात त्यापूर्वी तीस वर्षे, १८६८ सालीच, दिसली होती. अभिमानासाठी इतर पुष्कळ सामग्री त्या किल्ल्यावर आहे.

मालवणला खडक फार, आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य असल्याने प्रवाळावर नांगर पडू नये याचीही काळजी घ्यावी लागते. सिंधुदुर्गाचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दृष्टीस पडत नाही. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चोहोंकडे खारे पाणी असलेल्या त्या बेटावर भगिनींनी ओंजळीने पाणी पिऊन पाहिले.

आम्ही कुडाळहून रेल्वेने परतलो. नौका तांडेल व खलाशी यांनी मागाहून नेली. उत्तरेस जाताना दुपारचा वारा तोंडावर येतो. म्हणून दिवस उजाडताच मतलई वाऱ्यावर निघावे, माध्यान्हीच्या आत जवळची खाडी गाठावी, असा त्यांचा क्रम होता. त्यांना मुंबईस पोचण्यास अकरा दिवस लागले.