सोडियम कमी झालं की जास्त? एका मिठाच्या पुड्याचा हिशेब

जे ऐकण्याऐवजी वाचतात त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" निम्मे काढलेत. आज आकडे बरेच आहेत, त्यामुळे वाचणाऱ्यांचं बरंच आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि सध्या घरून, मंगरूळपीरवरून काम करतो. त्यामुळे गोळ्यांबद्दल जे बोलेन ते आमच्या घरचं आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तर झालं असं. मे महिन्यात शेलूबाजारच्या मोठीआईला अकोल्याला ॲडमिट केलं. दोन दिवस जुलाब, उलट्या, आणि मग एकदम बरळायला लागली, माणसं ओळखेना. रिपोर्ट आला, रक्तातलं सोडियम ११८. ते १३५ ते १४५ मध्ये असायला पाहिजे. भेटायला येणारा प्रत्येक जण बाहेर पडताना एकच वाक्य बोलत होता, "सोडियम कमी झालं म्हणते." आपल्याकडे हे वाक्य कोणाला नवीन नाही. प्रत्येकाच्या घरात एक तरी म्हातारं माणूस असं सोडियम कमी होऊन दवाखान्यात जाऊन आलेलं असतं.

आणि त्याच आठवड्यात बाबांचं बीपी निघालं १६४/१०२. डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या आणि म्हणाले, मीठ कमी करा. बाबा घरी येऊन म्हणाले, "वहिनीले मीठ कमी पडलं म्हणून सलाईन लावलं, अन् मले मीठ सोड म्हणते. एक काय ते ठरवा ना बे!"

प्रश्न बरोबर होता, आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा भाग.

आधी मोठीआईचं बघू. रिपोर्टमधला सोडियमचा आकडा म्हणजे तुम्ही मीठ किती खाता याचं मोजमाप नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती, हे तो सांगतो. म्हणजे त्यात पाण्याचा हिशेबही आला. मोठीआईला बीपीसाठी लघवीची गोळी चालू होती, त्यात जुलाबातून सोडियम गेलं, आणि वरून ती नुसतं पाणी पीत राहिली. वरण आहे तेवढंच आणि आपण वरून पाणी ओततोय, तर ते आळणी होणारच. अशा वेळी ओआरएस लागतं. एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ग्लुकोजमुळे आतडं सोडियम आणि पाणी दोन्ही आत ओढतं. तर मोठीआईच्या वरणात मीठ कमी होतं, असं काही नव्हतं. उलट तिच्या हातचा ठेचा खाऊन बघा एकदा.

बाबांचं उलट आहे. ते रोज जास्त मीठ खातात, पण त्यांच्या रिपोर्टमध्ये सोडियम १३९, एकदम नॉर्मल. कारण शरीर जास्तीच्या सोडियमबरोबर पाणीही धरून ठेवतं, प्रमाण बिघडू देत नाही. पण त्यामुळे रक्ताचं एकूण आकारमान वाढतं, मूत्रपिंडाला ते बाहेर टाकायला जास्त दाब लागतो, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की रक्तवाहिन्या कडक होतात. म्हणून "माझं सोडियम नॉर्मल आहे" म्हणून लोणच्याची बरणी पुढे ओढणाऱ्या माणसाला तो रिपोर्ट काही कामाचा नाही.

आता मीठ कमी करायचं म्हणजे नेमकं काय? आईचं म्हणणं होतं की तिने ते आधीच केलंय. कसं? तर साधं मीठ बंद करून सैंधव आणलं! मंडळी, सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच. गुलाबी असलं, खाणीतलं असलं तरी त्याच्या शंभर ग्रॅममधले पंचाण्णवच्या वर ग्रॅम तेच असतं. पादेलोणही मुख्यतः तेच, वास फक्त गंधकाचा. आणि सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं, तो तोटा वेगळाच.

मग मी इंटरनेटवर गेलो. तिथे सगळे सांगतात, पाकिटावरचं लेबल वाचा. अमेरिकेत ते बरोबर आहे, तिथे साधारण सत्तर टक्के सोडियम तयार आणि हॉटेलच्या खाण्यातून येतं. पण मंगरूळपिरात बाबा दिवसाला पाकिटातलं खातात काय? चहाबरोबर दोन टोस्ट. आमच्याकडचं बहुतेक सोडियम आईच्या हाताने पडतं, आणि आईच्या हातावर लेबल नसतं.

लॉग असल्याशिवाय बग शोधायचा नाही, ही ऑफिसातली सवय. तर मी एक सोपी गोष्ट केली. मिठाचा एक किलोचा नवा पुडा फोडला त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख टाकली. बस. संपला २२ दिवसांनी. घरात आम्ही चौघं, आई, बाबा, आजी आणि मी. १००० भागिले २२ भागिले ४. माणशी दिवसाला ११.४ ग्रॅम. यातलं थोडं गुळण्यांना गेलं, थोडं भाजी धुवायला, धरा दहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा. देशभरात २०१७-१८ मध्ये पाहणी झाली तेव्हा सरासरी ८ ग्रॅम निघाली होती. आम्ही तिच्याही पुढे!

हे करून बघा, खरंच. कोणताही ॲप नको, वजनकाटा नको. पाहुणे आले, लग्न निघालं तर आकडा हलेल, पण अंदाज येतो.

एक सूत्र लक्षात ठेवा. सोडियम आणि मीठ एक नाही. मिठात वजनाने ४० टक्क्यांच्या जवळपास सोडियम. त्यामुळे लेबलवर सोडियम दिसलं की त्याला अडीचने गुणा, मीठ मिळतं. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच ते ५ ग्रॅम मीठ.

आता खरी गंमत. पुड्याचा हिशेब फक्त मिठाचा झाला. पण सोडियम मिठाशिवायही येतं, आणि तिथे जिभेला ते कळत नाही.

पापड. आमच्याकडे उन्हाळ्यात आई एक किलो उडदाच्या पिठाला ५० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम पापडखार घालते. मिठातून आलं २० ग्रॅमच्या आसपास सोडियम. पापडखार म्हणजे सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट. खाण्याच्या सोड्यात २७ टक्के सोडियम असतं, धुण्याच्या सोड्यात ४३. मी कमी आकडा धरला, तरी साडेतेरा ग्रॅम. एका किलोचे शंभरेक पापड, तर एका पापडात ३३० मिलिग्रॅमच्या वर. त्यातला चाळीस टक्के भाग असा, जो खारट लागतच नाही. बाबा रात्री दोन पापड खातात. भाजलेले, कारण तेल नको!

(खार म्हटल्यावर लोणार आठवणारच. आपल्याच वऱ्हाडात सोडियमचं एवढं मोठं भांडं आहे. लवणासुराची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, लवण म्हणजे मीठच. त्या सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, सोडियम कार्बोनेटचं, आणि काठावर जमणारा खार लोक शतकानुशतकं गोळा करत आले. साबण आणि काच करायला लागणारा माल लोणारला मिळतो, असं ऐने-अकबरीतही आहे. शाळेच्या सहलीत आम्ही ते पाणी चाखलं होतं, सरांनी कान धरला होता.)

आणि दुसरी जागा मला सापडली कचऱ्याच्या डब्यात. बाबांना रात्री पोटात जळजळ होते, म्हणून जेवणानंतर ते एक फसफसणारी पुडी पाण्यात घालून घेतात. रोज. कित्येक वर्षं. कोणी त्याला औषध मानत नाही, डॉक्टरांनाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. अशा पाच ग्रॅमच्या पुडीत तीनेक ग्रॅम सोडा धरला तर ८०० मिलिग्रॅम सोडियम. दोन ग्रॅम मिठाएवढं!

बेरीज करा. दोन पापड आणि एक पुडी, साधारण १४५० मिलिग्रॅम. दिवसाच्या मर्यादेतला पाऊण भाग जवळपास संपला, आणि अजून भाजीत मीठ पडलेलंच नाही.

इथे एक प्रामाणिक टीप. सोड्यातलं सोडियम बीपी मिठाइतकं वाढवत नाही, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय. पण २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे १३ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सोडियमवाली फसफसणारी आणि विरघळणारी औषधं घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यामुळे होणारे मृत्यू १६ टक्के जास्त दिसले. नोंदींचा अभ्यास आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण बीपी १६४ असलेल्या माणसाने रोज घ्यायची ही वस्तू नव्हे. तापाच्या विरघळणाऱ्या गोळ्यांचंही तेच, एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं.

उलट ज्याला लोक घाबरतात ते बघा. सोडियम बेंझोएट नाव वाचून व्हॉट्सॲपवर केवढं रान उठतं, पण ते चिमूटभरही नसतं, त्यातून सोडियम नगण्य येतं. अजिनोमोटोत १२ टक्के, मिठाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. इन्स्टंट नूडल्स मात्र खरंच भारी, बऱ्याच ब्रँडच्या एका पाकिटात आठशे-हजार मिलिग्रॅम, आणि ते बहुतेक मसाल्याच्या पुडीत. पुडी अर्धीच टाका, मी तसंच खातो.

दर्यापूरची आत्या हे सगळं ऐकून हसली. ती खारपाणपट्ट्यात राहते. पूर्णेच्या खोऱ्यातला तो भाग, अकोला, अमरावती, बुलडाणा, जिथे जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यातच क्षार. "आमच्या तं पाण्यातच मीठ हाये बापा, तुह्या पुड्याचं काय घेऊन बसला." आणि ती बरोबर होती. तिथे बोअरचं पाणी पिणाऱ्याचा हिशेब माझ्या पुड्याने पूर्ण होत नाही.

मीठ कमी करून खरंच काही होतं का? चीनमध्ये ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आला. निम्म्या गावांना असं मीठ दिलं ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होतं. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाला. हे खेड्यातले, घरी रांधून खाणारे लोक होते, म्हणून मला हा अभ्यास आपल्या जवळचा वाटतो. पाच ग्रॅम योग्य की थोडं जास्त चालेल, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. दहा-अकरा ठीक आहे असं म्हणणारा मला कोणी भेटला नाही.

मग ते पोटॅशियमवालं मीठ मी ऑर्डर करणारच होतो. डॉक्टरांना विचारलं हे नशीब. बाबांची बीपीची एक गोळी अशी आहे की ती शरीरात पोटॅशियम वाढवते. त्यावर हे मीठ म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनाही ते चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली, तेव्हा किडनीचे रुग्ण, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना वगळूनच केली.

आम्ही काय केलं ते सांगतो. पुडी बंद. जेवण साडेनवाऐवजी आठला, जळजळ बरीच कमी झाली. पापड रविवारी. आईने मिठात हात घालायचं सोडून एकच छोटा चमचा ठरवला, आणि दर पंधरा दिवसांनी तो थोडा कमी भरायचा, कोणाला न सांगता. जीभ दीड-दोन महिन्यांत जुळवून घेते. लिंबू, कैरी, चिंच वाढली. ज्वारीच्या भाकरीत तसंही आमच्याकडे मीठ नसतंच, तर पोळीपेक्षा भाकर बरी. आजीचं मात्र आम्ही परस्पर काही केलं नाही. ती ७८ ची आहे, तिलाही लघवीची गोळी आहे, आणि मोठीआईचं ताजं होतं. तिचं आधी विचारलं, मग केलं. शेतात उन्हात राबणाऱ्याचंही वेगळं, ४४ डिग्रीत घामावाटे मीठ जातं, त्याने एसीत बसणाऱ्या माझा नियम लावून घेऊ नये.

पुढचा पुडा २९ दिवस चालला, माणशी ८.६. त्यापुढचा ३५ दिवस, ७.१. पाचच्या खाली अजून नाही. बाबांचं बीपी आता १३८/८६ च्या आसपास असतं. यात दुसऱ्या गोळीचा वाटा किती आणि चमच्याचा किती, हे मला वेगळं करता येत नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात बदललं. असं टेस्टिंग ऑफिसात केलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या.

बाबा अजून कुरकुरतात. परवा लग्नात पंगतीत बसलो होतो, ताटात पहिलं मीठ वाढलं गेलं, तर माझ्याकडे बघत म्हणाले, "हे मोज आता." सध्याच्या पुड्यावर तारीख आहे ३ ची. आज बावीसावा दिवस, आणि निम्म्याहून थोडं कमी शिल्लक आहे. तुमच्या पुड्यावर आज तारीख टाका, आणि संपल्यावर घरात किती माणसं आणि किती दिवस, एवढं कळवा. पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांचे आकडे मांडू.