ही स्टेडी कुठल्या लेथची?



पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीत किंवा फरिदाबादच्या जुन्या यंत्रांच्या दुकानात कधी गेलात, तर कोपऱ्यात बिडाच्या जड तुकड्यांचा एक ढीग हमखास दिसेल. तेलकट, गंजलेला. त्यात एखादी फेसप्लेट असते, चकाच्या मागची बॅकप्लेट असते, दोन-चार चेंज गिअर असतात आणि नशीब असेल तर एखादी स्टेडी. लांब दांडा लेथवर फिरताना मधे लचकू नये म्हणून त्याला तीन बोटांनी धरून ठेवणारी ती कमान. लेथ केव्हाच विकला गेलेला असतो, त्याची ही पिलावळ मागे राहिलेली असते. नाव नाही, नंबर नाही. दुकानदाराला विचारलं की तो डोळ्यांची पापणीही न हलवता सांगतो, "किर्लोस्कर का है, साहब."

मराठी कानाला हे गोड लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथले लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये पोचले. त्यामुळे बाजारात या नावाला अजून भाव आहे. नेमका म्हणूनच दुकानदाराच्या या उत्तराचा उपयोग शून्य. किर्लोस्करचा म्हटला तरी कुठला? एकाच कंपनीचे लहानमोठे अनेक लेथ, आणि एकाची स्टेडी दुसऱ्याला चालेलच असं नाही.

हे तुकडे दिल्लीत इतके सुटे का पडले, यालाही कारण आहे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले 168 धोकादायक कारखाने 30 नोव्हेंबरपर्यंत बंद करायला सांगितलं. नंतर निवासी वस्त्यांतले छोटे कारखाने बवाना, नरेल्याकडे हलवण्याचं सत्र चाललं. कारखाना घाईने हलतो किंवा मोडतो, तेव्हा लेथ क्रेनने उचलला जातो. त्याच्या सुट्या तुकड्यांची बाकाखालची लाकडी पेटी कुणाच्या लक्षात राहते?

तर ढिगातली ती स्टेडी उचला आणि उलटी करा. वरची रंगरंगोटी, बोटांचा आकार, बिजागरी, यांत फार गुंतू नका. ओळख असते ती बुडाला, म्हणजे जिथे ती लेथच्या बेडवर बसते तिथे. बुडाला एक व्ही आकाराची खाच आणि पलीकडे सपाट पट्टी असेल, तर तिच्या मालकाच्या बेडवर एक उलटा व्ही आणि एक सपाट धाव असणार. दोन्ही बाजू सपाट असतील तर सपाट बेडचा लेथ. जुन्या इंग्रजी घराण्यात ही पद्धत जास्त, अमेरिकन लेथ बहुधा व्हीवाले. खाचेच्या मध्यापासून सपाट पट्टीपर्यंतचं अंतर व्हर्निअरने घ्या आणि लिहून ठेवा. या एका मापाने निम्मे उमेदवार गळतात.

दुसरं माप सेंटरच्या उंचीचं, म्हणजे बेडच्या माथ्यापासून लेथच्या मध्यरेषेपर्यंतचं. तिन्ही बोटं सारखी बाहेर काढून त्यांच्यात एक गोल दांडा धरा. बुडाच्या खाचेत दुसरा गोल दांडा ठेवा. दोन दांड्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की लेथच्या उंचीचा अंदाज येतो. अंदाजच म्हणतो मी, कारण बोटं पुढेमागे सरकतात आणि खाचेतल्या दांड्याचा मध्य बेडच्या माथ्याशी तंतोतंत जुळत नाही. पण निवाडा करायला तेवढं पुरतं. एचएमटीच्या एनएच 22 लेथची सेंटरची उंची 220 मिलिमीटर, एनएच 26 ची 260. चार सेंटिमीटरचा फरक अंदाजातही लपत नाही.

आता बोल्ट. इथे बरेच जण फसतात. स्टेडीला लागलेला बोल्ट पाहून तिचं गाव ठरवू नये. बोल्ट तीनदा बदललेला असतो. भोकातले आटे सहसा मूळचे असतात. बोल्ट काढून आटे-मापणीची पानं भोकात लावून बघा. अर्ध्या इंचाच्या भोकात इंचाला 12 आटे असले तर ते व्हिटवर्थ, म्हणजे इंग्रजी वळणाचं. 13 असले तर अमेरिकन. 12 मिलिमीटरच्या भोकात पावणेदोन मिलिमीटरचा पीच असला तर मेट्रिक. तीन अष्टमांश किंवा पाऊण इंचाचं भोक मात्र दगा देतं. तिथे इंग्रज आणि अमेरिकन दोघांचे आटे संख्येने सारखेच, फरक फक्त कोनाचा, 55 अंश आणि 60 अंश. गंजलेल्या भोकात तो फरक ओळखणाऱ्याला माझा नमस्कार.

आणि मेट्रिक म्हणजे नवं, इंची म्हणजे जुनं, असा हिशेबही करू नका. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा 1956 चा. पण इंचाला चार आट्यांचा लीडस्क्रू घेऊन पंजाबातल्या बटाल्याचे लेथ त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिले. उत्तर भारतातल्या छोट्या वर्कशॉपांत बटाल्याचे लेथ घरोघरी. ते विकलेही जातात फुटावर, साडेचार फुटी, सहा फुटी. एकाने दुसऱ्याचं पाहून साचा केला, तिसऱ्याने त्याचं. म्हणून अशा स्टेडीचा कारखाना शोधत बसणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. घराणं कळलं, मापं कळली, पुरे.

चक किंवा फेसप्लेट हाती आली तर काम सोपं होतं, कारण तिची मागची बाजूच स्पिंडलचा पत्ता सांगते. आत नुसते आटे असतील तर व्यास आणि आटे मोजा. सव्वा इंचापेक्षाही लहान, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि 12 आटे निघाले तर मनात पहिलं नाव इंग्लंडच्या मायफोर्डचं यावं. मागे खुंट्या बाहेर आलेल्या असतील तर ती कॅमलॉक पद्धत. त्यात डी-1-3 आणि डी-1-4 ला तीन खुंट्या, डी-1-5 पासून पुढे सहा. खुंट्या मोजता येणाऱ्या कुणालाही इतकं सांगता येतं.

चेंज गिअर मात्र डोकं लावून बघावे लागतात. दात मोजा, त्यात दोन मिळवा, आणि बाहेरच्या व्यासाच्या इंचांनी भागा. येतो तो डायमेट्रल पीच. 40 दातांचा गिअर 53.34 मिलिमीटर भरला, म्हणजे दोन पूर्णांक एक दशांश इंच, तर उत्तर 20. पण तेवढ्याच दातांचा सव्वा मॉड्यूलचा मेट्रिक गिअर साडेबावन्न मिलिमीटरचा असतो. दोघांत एक मिलिमीटरचाही फरक नाही, हाताला दोन्ही एकच वाटतात. झिजलेल्या दातांवर तर मिस्त्रीसुद्धा गोंधळतो. त्यांची जोडी लावली तर लेथ कण्हतो आणि काही दिवसांत दात खातो.

मायापुरीचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सांगायला हवी. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, 1985 पासून वापरात नसलेलं एक गॅमा किरणांचं उपकरण 2010 च्या फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीत ते फोडलं आणि आतला कोबाल्ट-60 उघड्यावर आला. एप्रिलमध्ये कामगार आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. ते उपकरण कशाचं आहे, हे हातोडा उचलणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. लेथच्या ढिगात असलं काही सापडत नाही. तरी शिशाने मढवलेली, आकाराच्या मानाने विलक्षण जड वस्तू दिसली, तर तिला ग्राइंडर लावू नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

आपल्या स्टेडीकडे परत. मापं घेतली, घराणं ठरलं. आता घ्यायची की सोडायची? स्टेडी दोन-चार मिलिमीटर ठेंगणी असेल तर बोटं सरकवून भागतं. जास्त ठेंगणी असेल तर बुडाखाली घासून सारखी केलेली पोलादी पट्टी घालता येते. उंच निघाली तर मात्र खालचा व्ही नव्याने कापावा लागतो, आणि तो शेपरवर नीट बसवून कापणारा कारागीर स्टेडीपेक्षा महाग पडतो. व्ही आणि सपाट पट्टीमधलं अंतरच जुळत नसेल तर दुकानदार कितीही कमी सांगो, पैसे देऊ नका. आणि घेतलीच, तर घरी आणल्याबरोबर बुडाच्या कडेला अंकांच्या पंचाने दोन्ही मापं ठोकून ठेवा. खडू पुसला जातो.