सातवी शिकलेल्या आईचा गृहपाठ



मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेर मुरबाड तालुक्यातले. गावातली शाळा सातवीला संपे, पुढची लांब. दप्तर फळीवर गेले ते गेलेच. लग्न होऊन शहापुरास आले. आमचे हे आसनगावहून पहाटेची गाडी धरतात व रात्री परततात. तेव्हा मुलांचा गृहपाठ स्वयंपाकघरात माझ्यापाशीच येई.

२०१९ साली धाकटा दुसरीत होता. मी ‘त्र्याहत्तर’ म्हटले की हा हटकून ३७ लिही. एकदा मी पाठीत धपाटाही घातला. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तर तीन’, ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही थट्टा झाली. मीही हसले होते. पण गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे ऐकले आणि हसू मावळले. आपण बोलताना एकक आधी म्हणतो, लिहिताना दशक आधी मांडतो. शिवाय जोडाक्षरे मुलांना जड जातात. त्र्याहत्तरातला तीन कानावर आधी पडतो, म्हणून पोर तोच आधी लिही. धपाटा माझ्याच पाठीत बसायला हवा होता! जुनी नावेही पुस्तकात होतीच. मी दोन्ही ठेवली, कारण बाजारात भाजीवाली त्र्याहत्तरच म्हणणार.

अपूर्णांकांना मात्र सासूबाई उपयोगी पडल्या. त्या सहीला अंगठा उठवतात. पण ‘तीन वेळा पाऊण पायली भात मोजला तर किती?’ म्हणताच सूप न थांबवता म्हणाल्या, “सव्वादोन.” धाकट्याने पुढे कागदावर पाच ओळी मांडून तेच काढले.

खरी फजिती व्याकरणाने केली. थोरली आठवीत गेली, म्हणजे माझ्या पुढे गेली. प्रश्न होता, ‘मी भाकरी केली’ याचा प्रयोग ओळखा. ‘मी’ला ‘ने’ लागलेला नाही, म्हणून मी ठामपणे कर्तरी सांगितले. दुसऱ्या दिवशी वहीत लाल फुली. मुलगी काही बोलली नाही, पण वही घेऊन शेजारी जाऊ लागली. भगिनींनो, ते मला फार लागले. ती भांडली असती तर बरे वाटले असते.

कितीतरी रात्री ते वाक्य डोक्यात घोळले. एकदा तव्यावर भाकरी टाकताना सहज म्हणून पाहिले: मी भाकरी केली, मी भात केला, मी पिठले केले. करणारी मीच, पण क्रियापद बदलते ते भाकरीकडे, भाताकडे बघून! आमच्या ह्यांनी भाकरी केली तरी ‘केली’च राहणार. (तो योग अजून आलेला नाही.) म्हणजे कर्मणी. मी हात न धुताच थोरलीला हाक मारली व म्हटले, “माझे चुकले होते. हे बघ.”

ती पिठाच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, आणि ‘मी भाकरी करते’?”

“बाबा म्हणतील ‘करतो’. तिथे करणाऱ्याप्रमाणे बदलते. ते कर्तरी.”

त्या रात्री वही पुन्हा ओट्यावर आली.

येत्या शनिवारपासून संध्याकाळी मंडळाच्या खोलीत चटई टाकून मुलांसह बसावे, असे मनात आहे. भावे प्रयोग मला अजून नीट जमत नाही. ज्यांना येत असेल त्यांनी जरा लवकर यावे.